भाऊबीजेचा पाट: घरच्या घरी, हातानं, सागवानाचा

बहिणीसाठी केलेला माझा पहिला पाट सहा महिन्यांत उभा चिरला. पुण्यात भर पावसाळ्यात केला, दिवाळीत नागपूरला नेला, भाऊबीजेला त्यावर बसून ओवाळून घेतलं. मे महिन्यात तिचा फोन आला, "दादा, पाटाला मधोमध भेग पडलीय, बोट जाईल एवढी." लाकूड चांगलं होतं, जोड पक्का होता. चूक एकच होती. खालच्या दोन आडव्या पट्ट्या मी फळीला फेव्हिकॉल लावून, वर सहा-सहा स्क्रू मारून करकचून बसवल्या होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात फळीला आकसायचं होतं, पट्ट्या तिला आकसू देईनात, मग ती फाटली.

पुढचे सगळे पाट मी या एका भेगेतून शिकलो, म्हणून हा लेखही तिच्याभोवतीच आहे. लाकूडकामाची हौस असलेल्या माणसानं पहिली भेटवस्तू म्हणून पाटच करावा असं माझं मत आहे. दिसायला सोपा असतो, पण फळी सपाट करणं, जोड लावणं, लाकडाला हलायला जागा ठेवणं आणि पॉलिश या चारही गोष्टी त्यात येतात. शिवाय तो शोकेसमध्ये पडून राहत नाही. ओवाळायला, पूजेला, मुंजीला, बाळाच्या बारशाला दरवेळी बाहेर निघतो.

माप साधंच ठेवू: लांबी १८ इंच, रुंदी १५ इंच, फळीची जाडी सात सूत, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर. खाली दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येकी १४ इंच लांब, २ इंच रुंद, दीड इंच उंच. एकूण उंची अडीच इंचाला जरा कमी भरते. मांडी घालून बसणाऱ्या मोठ्या माणसाला एवढा पाट पुरतो.

वेळापत्रक पंचांगावरून

माझा हिशोब असा. गणपतीच्या दिवसांत लाकूड आणून घरात ठेवायचं. दसऱ्यापर्यंत पाचेक आठवडे मिळतात, तेवढ्यात ते घरातल्या हवेला रुळतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, तेव्हा त्यांना धारही लावून होते. दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंत साधारण बावीस दिवस राहतात. त्यांतले दोन शनिवार-रविवार प्रत्यक्ष कामाला लागतात, बाकी दिवस तेलाचे हात वाळायला. धनत्रयोदशीला पाट हाताला कोरडा लागला पाहिजे.

लाकूड आणल्याबरोबर कापायला घेऊ नका. खाली दोन काठ्या टाकून, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून, भिंतीपासून जरा लांब आडवं रचून ठेवा. ज्या खोलीत आपण राहतो तीच खोली बरी, गच्ची किंवा पार्किंग नको.

लाकूड

सागवान निवडण्याची कारणं व्यवहारी आहेत. ते सहज वाळवी धरत नाही, वळणं-वाकणं कमी, आणि रंध्याखाली गोड चालतं. कोकणात फणसाचे पाट करायची जुनी रीत आहे. फणसाचा पिवळा रंग वर्षागणिक तपकिरी होत जातो आणि फार सुंदर दिसतो, गावाकडे वाळलेलं फणसाचं लाकूड असेल तर जरूर वापरा. शिवण हलकी, फिकट आणि स्वभावानं शांत असते, पण मऊ असल्यानं पाटावर पटकन खड्डे उमटतात. आंब्याचं लाकूड स्वस्त मिळतं. त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून भेटीच्या वस्तूसाठी मी घेत नाही.

वखारीत गेलात की सागवान देशाच्या किंवा प्रांताच्या नावानं विकलेलं दिसेल: घाना, नायजेरिया, बर्मा, आणि आपलं 'सीपी'. सीपी म्हणजे इंग्रजांच्या काळातला मध्य प्रांत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या लाकडाला व्यापारी अजून त्याच नावानं हाक मारतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरहून जे सागवान गेलं, ते याच जंगलांतलं. परदेशी लागवडीचं लाकूड लवकर वाढलेलं असतं, त्यामुळे वर्षाच्या कड्या रुंद आणि कडेचा पांढुरका भाग जास्त. तो पांढुरका भाग कीड धरतो, म्हणून पाटात येऊ देऊ नका. मधला सोनेरी-तपकिरी गाभा तेवढा आपला.

आणखी एक वाट आहे आणि मला तीच जास्त आवडते: जुनं सागवान. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, दाराच्या चौकटी, जुन्या पलंगांच्या फळ्या. पुण्यात जुन्या लाकडाच्या दुकानांत आणि भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास थोडं हिंडलं की तुकडे मिळतात. हे लाकूड पन्नास-साठ वर्षं वाळलेलं असतं, त्याला घाई नसते. मात्र घरी आणल्यावर प्रत्येक बाजूवरून लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला असा दात पाडतो की अर्धा दिवस धार लावण्यात जातो.

लाकूड घनफुटावर विकतात, म्हणून हिशोब येत असावा. इंचांत लांबी, रुंदी, जाडी गुणायची आणि १७२८नं भागायचं. आपली फळी, रंध्याआधी जाडी इंचभर धरून, १८ × १५ × १ म्हणजे २७०. दोन पट्ट्या १४ × २ × १.५ प्रमाणे ८४. एकूण ३५४, म्हणजे जेमतेम ०.२ घनफूट. कापण्यात, रंध्यात आणि गाठी टाळण्यात जाणारं धरून ०.३ घनफूट मागा. एवढं थोडं लाकूड वखारवाले बहुतेक उरलेल्या तुकड्यांतूनच काढून देतात आणि ते स्वस्त पडतं. पाच इंचांहून जरा रुंद अशा तीन फळ्या मागा, १५ इंचांची एक फळी नको. ती महाग असते, आणि रुंद फळी वाकली की पूर्ण पाट वाकतो.

फळीचं टोक बघायला शिका. टोकावर कड्या कमानीसारख्या दिसत असतील तर ती फळी हवेबरोबर जास्त हलणार. कड्या जवळजवळ उभ्या असतील तर कमी. सागवान झाडातून निघाल्यापासून हाडकोरडं होईपर्यंत पहिल्या प्रकारात रुंदीला साधारण ५.८ टक्के आकसतं, दुसऱ्या प्रकारात साधारण २.५ टक्के. लांबीला जवळजवळ नाहीच. घरातल्या हवेत एवढा पल्ला कधी येत नाही, पण ओलावा चार टक्क्यांनी जरी बदलला तरी आपल्या १५ इंची पाटाची रुंदी तीनेक मिलिमीटर इकडेतिकडे होते. पावसाळ्यात जे दार घासून बसतं आणि मार्चमध्ये मोकळं होतं, तेच हे.

हत्यारं आणि धार

एक लोखंडी रंधा (पाच नंबरचा असेल तर उत्तम), बारीक दातांची एक करवत, एक इंचाची आणि अर्ध्या इंचाची पटाशी (लाकडाची छिन्नी), गुण्या (काटकोन तपासायला), स्टीलची पट्टी, मार्किंग गेज (कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मारायला), मोगरी (लाकडी हातोडा), हातातलं ड्रिल मशीन आणि शिकंजे (क्लॅम्प). भारी आयात हत्यारांची गरज नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एक सांगतो: फळ्या सॉ मिलमध्येच चिरून, दोन्ही बाजूंनी मशीनचा रंधा मारून आणा. थोडे पैसे जातात, पण घरातली धूळ आणि शेजाऱ्यांचा त्रास निम्म्यानं कमी होतो. उरलेलं काम हाताच्या रंध्यानं गॅलरीत रात्री नऊपर्यंतही निवांत होतं, त्याचा आवाज कुणाला खुपत नाही.

धारेवर मात्र थांबायला हवं. नव्या माणसाला लाकूडकाम अवघड वाटतं ते बहुतेकदा बोथट पात्यामुळे. दुकानातून आणलेल्या नव्या रंध्याचं पातंही कामाला तयार नसतं. आधी पात्याची पाठ, म्हणजे सपाट बाजू, टोकाकडे इंचभर आरशासारखी करायची. निसणा, म्हणजे धारेचा दगड, नसेल तर जाड काचेच्या तुकड्यावर पाण्यात चालणारा पॉलिश पेपर चिकटवा: ४००, मग ८००, १२००, २०००. पाठ एकदाच करावी लागते. मग उतार. पात्याचा मूळ उतार २५ अंशांचा असतो. अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी काढा. उताराच्या मागच्या बाजूला बोटानं चाचपा, धातूचा बारीकसा काठ उलटलेला जाणवला की धार टोकापर्यंत पोचली. पाठ सपाट ठेवून तो काठ काढा आणि जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापून बघा. आवाज न करता कापला तर रंधा तयार. कागद फाटला तर परत २००० वर.

दर वीस मिनिटांनी धार ताजी करायची सवय ठेवा. सागवानात वाळूसारखे बारीक सिलिकाचे कण असतात, ते पातं लवकर खातात.

आणि मास्क लावा, साध्या कापडाचा नको, एन-९५. सागवानाच्या भुशानं अनेकांना खाज आणि शिंका येतात. कुठल्याही लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणं घातक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातली आहे. रंध्याच्या कातरणांचा धोका कमी, पॉलिश पेपरच्या धुळीचा जास्त. मी होता होईल तेवढं काम रंध्यानं उरकतो, त्याचं हेही एक कारण.

जोड

तीन फळ्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि घाई न करता फिरवून बघा. कुठली बाजू वर, कुठली फळी मध्ये, कुठल्या शिरा एकमेकींत मिसळून जातात ते ठरवा. एक दिवस तशाच ठेवल्या तरी चालतील. संध्याकाळच्या उजेडात वेगळंच काही दिसतं. रंध्याची दिशा तिन्ही फळ्यांना एकच राहील असंही बघा. एक फळी सुलट आणि शेजारची उलट लागली तर जोडल्यावर रंधा मारताना एकीवर तुकडे उपटतात. ठरलं की तिन्हींवर मिळून पेन्सिलीनं एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही.

आता कडा. ज्या दोन कडा एकमेकींना भिडणार, त्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या एकमेकींवर ठेवून शिकंज्यात पकडा आणि दोन्ही कडांवर एकदम रंधा मारा. रंधा थोडा कलला तरी दोन्ही कडा एकाच कोनात कलतात, आणि पुस्तक उघडून समोरासमोर आणल्या की ते दोन कोन एकमेकांना मारतात. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी दाखवली. त्याआधी मी गुण्या लावून लावून तासन् तास घालवत असे.

एक फळी दुसरीवर उभी ठेवून खिडकीसमोर धरा. फटीतून उजेड यायला नको. आलाच तर मध्यभागी, केसभर, आणि दोन्ही टोकं घट्ट टेकलेली हवीत. टोकं लवकर वाळतात आणि आधी उघडतात, म्हणून ती मधल्यापेक्षा जास्त दाबली जावीत. टोकांना उजेड आणि मध्ये टेकलेलं असेल तर तो जोड लावू नका, परत रंधा मारा.

सागवान तेलकट असतं, त्यामुळे कडेला रंधा मारल्यावर त्याच दिवशी सरस लावा. शिळी झालेली कड असेल तर ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या फडक्यानं पुसून, ती कोरडी झाली की लगेच. पाटावर पूजेत पाणी सांडणारच, म्हणून पाण्याला टिकणारा फेव्हिकॉल मरीन घ्या. दोन्ही कडांना पातळ थर, बोटानं सारखा पसरवून.

लांब शिकंजे नसतील तर अडू नका, पाचर आहे. एका जाड प्लायच्या तुकड्यावर वर्तमानपत्र पसरा, त्याच्या दोन कडांना दोन पट्ट्या स्क्रूनं घट्ट बसवा, मधलं अंतर पाटाच्या रुंदीपेक्षा इंचभर जास्त. जोडलेल्या फळ्या मध्ये ठेवा आणि उरलेल्या फटीत समोरासमोरच्या तिरक्या पाचरांच्या जोड्या मोगरीनं हलक्या ठोका. जोडातून सरसाचे बारीक मणी सगळीकडे सारखे बाहेर आले की पुरे. फार आवळलं तर सरस सगळा बाहेर जातो आणि जोड उपाशी राहतो. फळ्या वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून वरून दोन वजनं ठेवा, मी पाट्याचा वरवंटा आणि गव्हाचा डबा ठेवतो.

बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं पुसू नका. तो पातळ होऊन लाकडाच्या छिद्रांत मुरतो आणि तेल लावल्यावर तिथे फिकट डाग उठतो. अर्धा-पाऊण तास थांबा, रबरासारखा झाला की पटाशीनं अलगद सोला. पाट चोवीस तास हलवू नका.

सपाट करणं

दोन सरळ पट्ट्या, एक इकडच्या टोकाला आणि एक पलीकडच्या टोकाला, पाटावर आडव्या ठेवा. डोळा खाली आणून दोन्हींच्या वरच्या कडा एका रेषेत दिसतात का ते बघा. एक बाजू वर दिसली तर फळीत पीळ आहे आणि उंच कोपरे कुठले ते लगेच कळतं. फक्त त्या कोपऱ्यांवर आधी रंधा चालवा. मग पूर्ण पाटावर तिरका, एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे, शेवटी शिरांच्या दिशेनं सरळ. पातं इतकं कमी बाहेर काढा की कातरण फुंकरीनं उडावं. शिरा उलटसुलट असतील तर वरचं टोपीचं पातं, म्हणजे पात्यावर स्क्रूनं बसवलेली लोखंडी पट्टी, धारेच्या अगदी जवळ आणा, अर्ध्या मिलिमीटरवर. तुकडे उपटणं बहुतेक थांबतं.

वरची बाजू झाली की मार्किंग गेज सात सुतांवर लावून चारही कडांना रेघ मारा आणि खालची बाजू त्या रेघेपर्यंत आणा. खालची बाजू तंतोतंत आरशासारखी नको, पण पट्ट्या जिथे टेकणार तिथे सपाट हवीच.

मग गुण्यानं आखून टोकं कापा. १८ इंचांची दिशा शिरांची, १५ इंचांची आडवी, हे उलटं होऊ देऊ नका. टोकांना रंधा मारताना बाहेरून आत मारा, दोन्हीकडून मध्यापर्यंत. एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकापर्यंत गेलात तर शेवटचा कोपरा तुटून पडतो. वरच्या कडा रंध्यानं पाव इंच तिरक्या मारा, खालच्या नुसत्या बोटाला टोचणार नाहीत इतक्या. लहान मुलं पाटावर आपटतात, धारदार कोपरा ठेवू नका.

पॉलिश पेपर १२०, मग १८०, पुरे. तेलाच्या पॉलिशला याहून गुळगुळीत केलं तर लाकूड तेल कमी पितं. प्रत्येक नंबरनंतर ओल्या फडक्यानं पाट पुसून वाळू द्या, तंतू उभे राहतात, ते पुढच्या नंबरनं निघतात. नाहीतर पहिल्या पूजेच्या पाण्यानंच ते उभे राहतील.

पट्ट्या: माझा पाट जिथे चिरला ती जागा

पट्ट्या पाटाच्या दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच आत, शिरांना आडव्या बसतात. त्यांचं काम दोन: पाट उचलून धरणं आणि फळी वाकू न देणं. पट्टीच्या शिरा पट्टीच्या लांबीत, फळीच्या शिरा तिला काटकोनात. म्हणजे पट्टीची लांबी वर्षभर तेवढीच राहते आणि फळीची रुंदी मात्र कमी-जास्त होत राहते. दोघींना सरसानं चिकटवलं की एकीला हरावं लागतं. सरस इथे अजिबात नको, एक थेंबही नको.

प्रत्येक पट्टीला तीनच स्क्रू. एक बरोबर मध्ये, दोन टोकांपासून दोन-दोन इंच आत. तीन फळ्यांचा पाट असल्यानं मधला स्क्रू मधल्या फळीत बसतो, बाजूचे दोन्ही बाजूच्या फळ्यांच्या मधोमध, जोडाच्या रेघेवर कुठलाच येत नाही. मधल्या स्क्रूचं भोक गोल आणि घट्ट. बाजूची दोन भोकं लांबट, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं.

लांबट भोक असं करा. पट्टीच्या खालच्या बाजूनं आधी १४ मिलिमीटरच्या बिटनं ६ मिलिमीटर खोल खड्डा, स्क्रूची टोपी आणि वॉशर त्यात बुडेल. खड्ड्याच्या मध्याच्या दोन्ही बाजूंना, पट्टीच्या लांबीत, एकमेकांना अगदी चिकटून ४.५ मिलिमीटरची दोन भोकं आरपार.  मधलं उरलेलं लाकूड गोल कानशीनं साफ केलं की साधारण ९ मिलिमीटरची खाच होते. स्क्रू तिच्या मध्यावर उभा राहिला तर दोन्हीकडे दोन मिलिमीटरहून थोडी जास्त जागा मिळते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यालाही तेवढी पुरते.

स्क्रू पसरट टोपीचे, ५० मिलिमीटरचे, आठ नंबर, शक्यतो स्टेनलेसचे. साध्या लोखंडी स्क्रूभोवती ओलीनं काळा डाग धरतो. पट्टी दीड इंचाची, त्यात ६ मिलिमीटर टोपी बुडाली की फळीत सुमारे १८ मिलिमीटर स्क्रू जातो, वर चारेक मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं. फळीत ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडा आणि बिटवर १६ मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा, नाहीतर पाटाच्या वरच्या बाजूनं बिट डोकावेल आणि सगळं काम वाया जाईल. स्क्रूला मेणबत्ती घासा, फिरताना चिरडत नाही. बाजूचे दोन स्क्रू पट्टी टेकेपर्यंतच आवळा, मग पाव फेरा मागे.

पट्टीची टोकं खालून तिरकी कापली तर पाट हलका दिसतो आणि उचलताना बोटं आत जातात. हवी असतील तर कोपऱ्यांत पितळी फुलं बसवा. पितळी चुका (बारीक खिळे) नरम असतात आणि सागवान कठीण, म्हणून आधी बारीक भोक पाडून मगच हलक्या हातानं ठोका.

पट्ट्या एकदा बसवून बघा, खुणा करा आणि परत काढा. पॉलिश सुट्या भागांवर करायचं.

पॉलिश

लाखेचं पॉलिश, म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावलेलं, मला दिसायला सगळ्यांत जास्त आवडतं. लिटरभर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम लाख घेऊन केलेला पातळ हात सागवानाला मधासारखा रंग देतो. फोटोची चौकट, करंडा, भिंतीवरची फळी यांना तेच लावा. पाटाला नको. त्यावर पाणी सांडतं, गरम ताट टेकतं, निरांजन ठेवतात, आणि लाखेवर या सगळ्यांचे पांढरे डाग उठतात.

पाटाला जवसाचं तेल. क्रिकेटची बॅट मुरवायला वापरतात तेच, पण कच्चं नको, ते वाळायला फार दिवस घेतं. रंगाच्या दुकानात 'डबल बॉईल्ड' म्हणून मागा. पहिला हात सढळ, वीस मिनिटं मुरू द्या आणि कोरड्या फडक्यानं सगळं, खरोखर सगळं, पुसून काढा. पुसायचं राहिलेलं तेल चिकट गोंद होऊन बसतं. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, मग तिसरा, चौथा, प्रत्येक वेळी कमी तेल. हवा दमट असेल तर हातांमधलं अंतर वाढवा. खालची बाजू आणि टोकं यांनाही वरच्याइतकेच हात द्या. एकच बाजू झाकली तर दुसरी जास्त ओलावा घेते-सोडते आणि पाट बशीसारखा वाकतो.

तेल पुसलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळ्यात ती उष्णता अडकली तर काडी न लावता आग लागू शकते. फडकी बादलीत पाण्यात बुडवून ठेवा किंवा दोरीवर एकेरी पसरून वाळवा.

शेवटचा हात मेणाचा. एक भाग मधमाश्यांचं मेण आणि चार भाग तेच तेल, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नाही. थंड झालं की लोण्यासारखं होतं. अगदी थोडं चोळा, तासाभरानं जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं घासा. आता पट्ट्या कायमच्या बसवा.

उरलेले तुकडे

हे टाकू नका. दीड-दोन इंच रुंद, फूटभर लांब तुकड्याची किल्ल्यांची फळी छान होते: चार भोकं, त्यात लाकडाच्या गोल काठीच्या खुंट्या, किंचित वर कललेल्या, लाखेचे दोन हात. भिंतीवर टांगताना मागे पंचेचाळीस अंशांत चिरलेली एक पट्टी लावा, तिची जोडीदार भिंतीला. एक दुसरीत बसते आणि स्क्रू कुठेच दिसत नाहीत. छोट्या चौकोनांत पणती बसेल एवढा उथळ खड्डा काढला तर दिवाळीत चार घरी देता येतील असे ठोकळे होतात, फक्त त्यांत मातीची पणतीच ठेवा, नुसती मेणबत्ती नको. हे सगळं एका रविवारचं काम आहे.

देताना

तेल पुरतं वाळेपर्यंत पाट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, वास कोंडतो आणि पृष्ठभाग चिकट होतो. जुन्या सुती कापडात बांधा. खालच्या बाजूला पट्टीशेजारी लाकडाचं नाव, साल आणि तिथी पेन्सिलीनं लिहा, वरून मेणाचा हात आला की ती पुसली जात नाही. सोबत एका कागदावर तीन सूचना द्या: पाणी सांडलं की लगेच पुसावं, धुवायला नळाखाली धरू नये, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, तेलाचा एक पातळ हात द्यावा.

नागपूरला मी दुसरा पाट नेला तेव्हा बहिणीला एक काम सांगितलं: दिवाळीत आणि मे महिन्यात पाटाची रुंदी टेपनं मोजून मला कळव. मे महिन्यात ती चार मिलिमीटर कमी भरली. पाट उलटा करून तिनं फोटो पाठवला, त्यात बाजूचे स्क्रू खाचांत मध्यापासून सरकलेले स्पष्ट दिसत होते, आणि फळी अखंड होती.